डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

अँटिबायोटिकच्या गैरवापराचा विषय निघाला की आपण सगळे औषधवाल्यांवर तुटून पडतो. चिठ्ठीशिवाय गोळ्या देणारे आहेतच, नाही कशाला म्हणू? पण मला विचाराल तर निम्मा दोष आपल्या घरातल्या औषधाच्या डब्याचा आहे.

बघा ना, डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. उरलेल्या गोळ्या डब्यात! मग थंडी पडली, नाशकात घरोघरी खोकला सुरू झाला, की त्याच गोळ्या भाच्याला, शेजारच्या काकूंना. "आमच्या ह्यांना लगेच गुण आला हो!" साधी सर्दी विषाणूंची असते, तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. ती तशीही चार दिवसांत उतरते, आणि श्रेय गोळी घेऊन जाते. शरीरातले दुबळे जीवाणू मात्र मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात.

हे चिवट होणं कुठवर जातं? २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार क्षयरोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यातल्या तिघांना आधी वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांकडून एकेक औषध वाढवत, बरेचदा चुकीच्या मात्रेत दिलं गेलं होतं. म्हणजे पदवी असलेल्यांच्या हातूनही हे बिघडतं. मग आपण कोण?

सरकारने २०१४ पासून काही अँटिबायोटिक्सच्या विक्रीची नोंद ठेवणं दुकानदारांना सक्तीचं केलं. २०१६ मध्ये पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेची मोहीम काढली: ही रेघ दिसली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. ठीक. पण आपल्या कपाटातला डबा तपासायला कुठला इन्स्पेक्टर येणार?

डॉक्टरची फी, रांग, बुडणारा रोज, हे सगळं मान्य. हातावर पोट असणाऱ्याला ते सोपं नाही. पण एकदा गेलोच, तर नीट विचारून यावं. अँटिबायोटिक खरंच लागेल का? किती दिवस, जेवणाआधी की नंतर? पूर्वी कुठल्या गोळीने अंगावर पित्त उठलं असेल, पोटात बाळ असेल, दुसरी औषधं चालू असतील, तर आधी सांगावं. सांगितले तेवढे दिवस घ्यावं. आजकाल काही आजारांत मुदत कमीही असते, पण ती डॉक्टरांनी ठरवायची, आपण नाही. एखादी वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गिळू नयेत. गोळीनंतर चेहरा सुजला, श्वास लागला, तर थेट दवाखाना गाठावा.

असो. नातेवाईक मंडळी, आजारपणात हक्काने बोलवा. पेज करून आणेन, दवाखान्यात सोबत येईन, रात्री उशाशी बसेन. गोळीचं नाव मात्र सांगणार नाही. राग मानू नका.