अंशाची जाहिरात, छेदाचे मौन

शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या की शहरातील चौकाचौकांत, बसथांब्यांवर आणि वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवरही हसऱ्या मुलामुलींच्या छायाचित्रांची आरास मांडली जाते. प्रत्येक छायाचित्राखाली अखिल भारतीय क्रमांक ठळक छापलेला असतो. ती मुले गुणी आहेत, त्यांचे श्रम खरे आहेत आणि त्यांचे कौतुक व्हावे हे योग्यच आहे. परंतु त्या फलकासमोर उभ्या असलेल्या पालकाला जे जाणून घ्यावयाचे असते, नेमके तेच त्यावर नसते. त्याचा मुलगा आठवीत आहे आणि त्याचा प्रश्न साधा आहे : ह्याला आय. आय. टी.त प्रवेश मिळण्याचा संभव किती? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मक्ता आज ज्यांच्याकडे गेला आहे, त्यांचा धंदा ते उत्तर आशादायक असण्यावरच चालतो, ही ह्या व्यवहारातील मूळ मेख होय.

आकडे काय सांगतात ते पाहू. २०२४ साली जे. ई. ई. मेन ह्या पहिल्या परीक्षेस सुमारे १४ लाख १५ हजार विद्यार्थी बसले. त्यांतील वरच्या अडीच लाखांनाच जे. ई. ई. अ‍ॅडव्हान्स्ड ह्या दुसऱ्या परीक्षेचे दार उघडते. त्या वर्षी १ लाख ८० हजार २०० जणांनी तिच्या दोन्ही प्रश्नपत्रिका दिल्या, ४८,२४८ जण उत्तीर्ण ठरले आणि देशातील २३ आय. आय. टी. मिळून जागा होत्या १७,७४०. पहिल्या परीक्षेपासून मोजले तर ऐंशीत एक. दुसरीपासून मोजले तर दहात एक. दोन्ही गुणोत्तरे बिनचूक आहेत, आणि सांगणारा त्यांतून आपल्या सोयीचे उचलतो. वस्तुतः दहात एक हा संभव चाळणीतून आधीच पार पडलेल्यांचा आहे. आठवीतल्या मुलाचा तो नव्हे. शिवाय उत्तीर्ण म्हणवणाऱ्यांपैकी ३० हजारांहून अधिक जणांना जागाच उरत नाही. जाहिरातीत मात्र त्यांचीही गणना पुष्कळदा यशस्वितांत होते.

त्यात पर्सेंटाइलने भर घातली आहे. शेकडेवारीच्या जगात वाढलेल्या आमच्या पिढीला नव्याण्णव हा आकडा शंभरांपैकी नव्याण्णव गुणांसारखाच ऐकू येतो, आणि घरोघर पेढे वाटले जातात. चौदा लाखांच्या गर्दीत ९९ पर्सेंटाइल ह्याचा अर्थ एवढाच, की आपल्यापुढे सुमारे १४ हजार विद्यार्थी उभे आहेत. ही कामगिरी लहान नाही, पण आय. आय. टी.च्या दृष्टीने तिचे काम दार उघडण्यापुरतेच. आत शिरल्यावर क्रमांक नव्याने लागतो आणि पहिल्या परीक्षेचे गुण त्यात धरलेही जात नाहीत.

अंदाज बांधताच येत नाही, असे मात्र नव्हे. कोणत्या संस्थेत, कोणत्या शाखेच्या आणि कोणत्या प्रवर्गाच्या जागा कितव्या क्रमांकावर संपल्या, हे ‘जोसा’ ही संयुक्त प्रवेशयंत्रणा दरवर्षी उघडपणे जाहीर करते. पवईच्या आय. आय. टी.तील संगणकशास्त्राच्या खुल्या प्रवर्गातील जागा अलीकडे सत्तराव्या क्रमांकाच्या आतच संपतात. त्याच आवारात दुसऱ्या काही शाखांना तीन-चार हजारांच्या क्रमांकावरही प्रवेश मिळतो. क्रमांक हाती आल्यावर कोणीही सुशिक्षित पालक अर्ध्या तासात हिशेब करू शकेल. प्रश्न आहे तो त्याआधीच्या चार वर्षांचा.

त्या चार वर्षांत मुलाचे स्थान कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नसते काय? ठाऊक असते. वरचेवर होणाऱ्या चाचण्यांचे निकाल वर्गचालकांच्या दप्तरी असतात, आणि मागच्या तुकड्यांतील कितव्या क्रमांकाच्या मुलांचे पुढे काय झाले, हेही तेथेच असते. त्याच आधारावर मुलांच्या तुकड्या पाडल्या जातात व नामांकित शिक्षक वरच्या तुकडीला दिले जातात. म्हणजे संभवाचे गणित त्यांनी केव्हाच मांडलेले असते. शुल्क भरणाऱ्याला ते दाखवले जात नाही, इतकेच. खालच्या तुकडीतील मुलाच्या वडिलांना सांगितले जाते, “मुलगा हुशार आहे हो, मेहनत थोडी कमी पडते.” वडील घरी येऊन तेच वाक्य मुलाला ऐकवतात. ह्या सबंध व्यवहारातील सर्वांत क्रूर वाक्य आमच्या मते हेच होय; कारण जी गोष्ट जागांच्या टंचाईची, ती त्यामुळे त्या पोराच्या आळसाची ठरते.

२०२३ साली राजस्थानातील कोटा येथे विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची संख्या वीसच्या वर गेली, तेव्हा तेथील प्रशासनाने वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा हुकूम काढला! केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत घेऊ नये आणि क्रमांकाची हमी देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. आठवी-नववीचे ‘फाउंडेशन’ वर्ग तरीही राजरोस भरतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, जाहिरातीतील विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ व सशुल्क की विनामूल्य घेतला, हे सांगणे बंधनकारक केले. एकच मुलगा दोन-तीन वर्गांच्या फलकांवर झळकत असे, त्या प्रकाराला ह्याने काही आळा बसावा. आमची मागणी ह्याच्या एक पाऊल पुढची आहे. निवड झालेल्यांचा अंश जो छापील, त्याने छेदही छापावा : तुकडीत किती मुले दाखल झाली, किती मध्येच सोडून गेली, किती परीक्षेस बसली आणि किती जणांना प्रत्यक्ष जागा मिळाली.

ह्यावर, आकडे दाखवून तुम्ही मुलांचे पंख छाटता, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य नाही. पंख छाटले जातात ते दुसरीकडेच. पुण्याचे १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय (आता ते विद्यापीठ झाले आहे), १८८७ साली स्थापन झालेली व आता माटुंग्यास असलेली व्ही. जे. टी. आय. आणि तिच्या शेजारची आय. सी. टी., ह्या काही पडेल संस्था नव्हेत. राज्याच्या ज्या सामायिक परीक्षेतून तेथे जाता येते, तिच्यात ८० टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. ज्या मुलाचा खरा संभव तेथे आहे, तो अकरावीपासून नावापुरता एका महाविद्यालयात आणि दिवसभर भलत्याच वर्गात बसून भलत्याच परीक्षेची तयारी करतो. अकरावीच्या अखेरीस त्याला खरे स्थान कोणी सांगितले असते, तर उरलेले वर्ष कोठे खर्चावे, हे त्याने स्वतः ठरवले असते. कदाचित तो आय. आय. टी.च्याच मागे राहिला असता. तो त्याचा अधिकार आहे. पण ते धाडस डोळस झाले असते.

पालकांनाही सर्वस्वी बळी म्हणवत नाही. भाजीवाल्याच्या तराजूकडे टक लावून पाहणारा आमचा मध्यमवर्ग लाखो रुपयांचा धनादेश फाडताना एकही प्रश्न विचारीत नाही. उत्तराचीच त्याला भीती वाटते. यंदा शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी, मागील दोन वर्षांचा छेद पालकांनी वर्गचालकांकडे लेखी मागावा. शासनाचा नियम येईल तेव्हा येईल. दहा पालकांनी एकत्र येऊन हा कागद मागितला, तर तो मिळण्यास त्याची वाट पाहावी लागणार नाही.