उपग्रह इंटरनेट: मोडेम बसला, पासवर्ड कोणाकडे?

महाराष्ट्र शासनाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर स्वाक्षरी केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांसारख्या जिल्ह्यांतील शासकीय संस्था व ग्रामीण वस्त्या उपग्रह इंटरनेटने जोडणे, हा त्याचा उद्देश आहे. इरादापत्र म्हणजे अंतिम करार नव्हे. केंद्र सरकारच्या आवश्यक परवानग्या मिळाल्यावरच सेवा सुरू होऊ शकते.

यात नवे काय?

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्यामुळे संदेश जाऊन येण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो आणि व्हिडिओवरील संभाषण अडखळते. स्टारलिंकचे उपग्रह त्यापेक्षा खूपच कमी उंचीवर असल्याने हा विलंब बराच कमी होतो. जिथे डोंगर-जंगलामुळे फायबर पोहोचवणे अवघड आहे, तिथे याचा उपयोग आहे.

अडचण कोठे येऊ शकते?

छतावर अँटेना बसली की काम झाले, असे समजू नये. मोडेम किंवा राउटरला साधारणपणे दोन पासवर्ड असतात: एक वाय-फाय वापरण्याचा, दुसरा सेटिंग बदलण्याचा. दुसरा पासवर्ड फक्त तंत्रज्ञाकडे किंवा बदली झालेल्या शिक्षकाकडे राहिला, तर शाळेला स्वतःचा वाय-फाय पासवर्डही बदलता येत नाही. रीसेट केल्यास आधीची सेटिंग पुसली जातात आणि काही संचांत पुन्हा तंत्रज्ञाचीच वाट पाहावी लागते.

संच ताब्यात घेताना काय तपासावे?

• अँटेनासमोर झाड किंवा भिंत नाही, मोकळे आकाश आहे.
• सेटिंग ॲपमधून उघडतात की ब्राउझरमधून, हे तंत्रज्ञाकडून प्रत्यक्ष करून पाहावे. ब्राउझरसाठीचा पत्ता बहुधा उपकरणावरील लेबलवर असतो, उदा. १९२.१६८.१.१. तो इंग्रजी अंकांतच टाइप करावा.
• कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.
• खाते संस्थेच्या ईमेल व मोबाइल क्रमांकावर नोंदवावे, कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक क्रमांकावर नको.
• नवा पासवर्ड बंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात ठेवावा आणि पदभार देताना त्याची नोंद करावी.

योजनेच्या अंतिम करारात या हस्तांतरणाचे कलम असणे आवश्यक आहे. ते नसेल, तर उपकरण शाळेत असूनही त्याचा ताबा शाळेकडे राहणार नाही.