विश्लेषण : फळे विकून जंगल वाचेल?

अॅमेझॉनमध्ये झाड तोडण्यापेक्षा त्याची फळे विकणे फायद्याचे, असे साडेतीन दशके सांगितले जात आहे. हा हिशेब कागदावर पक्का आहे. मग जंगलतोड का थांबत नाही?

मूळ हिशेब काय आहे?
पेरू देशातील इक्विटोस शहराजवळ मिशाना हे गाव आहे. तेथील एक हेक्टर जंगलाची चार्ल्स पीटर्स, आल्विन जेंट्री आणि रॉबर्ट मेंडेलसन यांनी मोजदाद केली. १९८९ मध्ये ती ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या एका हेक्टरात झाडांच्या २७५ प्रजाती होत्या. त्यांपैकी ७२ प्रजातींपासून बाजारात विकता येईल असे काही ना काही मिळत होते. फळे आणि रबराचा चीक यांतून खर्च वजा जाता वर्षाला सुमारे ४०० डॉलर मिळू शकतात, तर सगळे लाकूड एकदम तोडून विकले तर एकदाच सुमारे १००० डॉलर, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे तीन वर्षांत फळे लाकडाच्या पुढे जातात आणि झाडे उभीच राहतात.

मात्र या हिशेबात बाजार जवळ होता. जंगल शहरापासून दूर असेल तर नाशवंत फळे बोटीतच कुजतात. शिवाय प्रत्येक हेक्टरातील फळे बाजारात आली, तर भाव कोसळणारच.

फळांमुळेच झाडे का तुटली?
याचे उत्तर इक्विटोसच्याच बाजारात आहे. अग्वाहे हे दलदलीत वाढणाऱ्या उंच ताडवर्गीय झाडाचे फळ. शहरात त्याचे सरबत आणि आइस्क्रीम लोकप्रिय आहे. या झाडात नर आणि मादी वेगळे असतात आणि फळे फक्त मादीला लागतात. उंच, गुळगुळीत खोडावर चढण्यापेक्षा झाडच आडवे करणे सोपे, म्हणून मागणी वाढली तशी मादी झाडे तुटत गेली. मागे नर झाडे उरली. वरून पाहिले तर जंगल हिरवेगार, पण त्यात फळ नाही. हरीण, रानडुक्कर, माकडे आणि पोपट यांचा आहारही त्याबरोबर गेला. ही झाडे ज्या दलदलीत वाढतात, तिथल्या मातीत प्रचंड कार्बन साठलेला आहे, हे आणखी एक कारण.

पकाया-सामिरिया राखीव क्षेत्रातील काही गावांनी पट्टा आणि दोराच्या साह्याने झाडावर चढून घड उतरवायला सुरुवात केली. कष्ट वाढले, पण तेच झाड पुढल्या हंगामातही फळ देते. मात्र हे कष्ट माणूस तेव्हाच घेतो, जेव्हा पुढल्या हंगामात ते झाड आपल्याच वाट्याला येणार याची त्याला खात्री असते. झाड कोणाचेच नसेल, तर आज न तोडणारा मूर्ख ठरतो.

ब्राझील नट आणि असाई काय सांगतात?
ब्राझील नट हे या विचाराचे सर्वात भक्कम उदाहरण. या झाडाचे परागीभवन मोठ्या रानमधमाश्या करतात, तर त्याचे टणक फळ कुरतडून बिया रुजवण्याचे काम अगूती हा उंदीरवर्गीय प्राणी करतो. त्यामुळे जगाच्या बाजारात येणारा जवळपास सगळा माल रानातल्या झाडांचाच असतो. फळे आपोआप खाली पडतात, ती फक्त वेचायची. तरीही २००३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील अभ्यासाने इशारा दिला : जिथे वर्षानुवर्षे अतिवेचणी झाली, तिथे तरुण झाडे जवळपास दिसत नाहीत. म्हातारी झाडे संपली की पुढे काय, हा प्रश्न आहे.

असाईची गोष्ट उलटी. या फळाला जगभर मागणी आली आणि ब्राझीलच्या पारा राज्यात नदीकाठच्या कुटुंबांचे उत्पन्न वाढले. पण अधिक पीक घेण्यासाठी इतर झाडे काढून असाईच ठेवली जाऊ लागली. जंगल तुटले नाही, त्याची बाग झाली.

मग उपाय कोणता?
रबराचा चीक काढणाऱ्यांचे नेते शिको मेंडेस यांची डिसेंबर १९८८ मध्ये हत्या झाली. जमीन सरकारची, पण वनोपजाचा हक्क तिथे राहणाऱ्या कुटुंबांचा, ही त्यांच्या चळवळीची मागणी होती. १९९० मध्ये त्यांच्या नावाने आक्रे राज्यात सुमारे साडेनऊ लाख हेक्टरांचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. पण अलीकडे तिथेही गुरांची कुरणे वाढली आहेत. कारण साधे आहे. नट वर्षातून काही महिनेच पैसे देतात आणि भाव व्यापारी ठरवतो. घरात आजारपण आले तर गाय केव्हाही विकता येते.

म्हणून हक्कासोबत भावही लागतो. साठवणुकीची सोय, गावातच प्रक्रिया, सहकारी विक्री आणि हमीदर यांशिवाय ‘जंगल राखा’ हा उपदेश पोकळ ठरतो.

भारतासाठी हा धडा नवा नाही. मध्य भारतात चारोळीची फळे ‘आपण नाही तर दुसरा नेईल’ या धास्तीने कच्चीच तोडली जातात, फांद्याही छाटल्या जातात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वनवासी समूहांना दिली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बाकी गावांपर्यंत हा हक्क कागदावरून प्रत्यक्षात उतरवणे आणि त्यामागे बाजार उभा करणे, हे काम सरकारचे आहे. फळ झाडाला वाचवत नाही. त्या फळावर ज्याचे घर चालते, तोच झाडावर कुऱ्हाड पडू देत नाही.