ताऱ्याचा हिशेब जुळेना, तेव्हा…

“काका, आकाशात दुसरीकडे कोणी राहत असेल, तर ते आपल्याला कळणार कसं?” पुतण्याच्या या प्रश्नाने परवा आम्हाला चांगलेच अडवले.

फ्रीमन डायसन या शास्त्रज्ञाने १९६० साली तर्क मांडला होता, की फार पुढे गेलेला समाज आपल्या सूर्याची ऊर्जा पकडण्यासाठी त्याच्याभोवती प्रचंड बांधकामे उभारील. अशा खुणा शोधाव्यात.

२००९ साली अमेरिकेने केप्लर दुर्बीण अवकाशात सोडली. दीड लाखांवर ताऱ्यांचा प्रकाश ती सतत मोजत होती. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित घटतो. अशी ठरावीक काळाने होणारी घट संगणक हुडकून काढी. पण ही माहिती सामान्य माणसांनाही तपासायला खुली केली होती. पदवीची अट नव्हती. घरबसल्या आलेख पाहायचे, वेगळे काही दिसले की सांगायचे.

या स्वयंसेवकांना हंस तारकासमूहातला एक तारा खटकला. गुरूएवढा ग्रह आडवा आला तरी प्रकाश एक टक्का घटावा. येथे २०११ साली १५ टक्के आणि २०१३ साली सुमारे २२ टक्के घटला, तोही अनियमितपणे! आम्ही कारकून माणसे. चार आण्यांचा फरक आला तरी वही पुन्हा चाळतो. येथे तर जवळजवळ पाव हिस्सा गायब!

तबेथा बोयाजियन या संशोधिकेने २०१५ साली निबंध सादर केला. त्यात स्वयंसेवकांची नावेही लेखक म्हणून होती. (राबणाऱ्याचे नाव कागदावर येणे आम्हाला लहान गोष्ट वाटत नाही.) मग बांधकामाची शंका निघाली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. रेडिओ दुर्बिणींनी कानोसा घेतला, संदेश मिळाला नाही.

पुढील निरीक्षणासाठी सतराशेंवर लोकांनी मिळून लाखभर डॉलर वर्गणी दिली. २०१७ साली प्रकाश पुन्हा घटला, तेव्हा दुर्बिणी सज्ज होत्या. निळा प्रकाश जास्त अडत होता, तांबडा कमी. भरीव बांधकाम सर्व रंग सारखेच अडवील. म्हणजे ती बारीक धूळ होती! जानेवारी २०१८ मध्ये तसे जाहीर झाले.

“एवढं करून धूळच?” पुतण्या हिरमुसला. क्षणभर थांबून म्हणाला, “पण ती धूळ आली कुठून?”

त्यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही, असे सांगताच स्वारी पुन्हा सावरून बसली.