मुलाच्या वर्तनाची चिंता. दाद कोठे मागायची?

शिर्डी : मुलाचा आक्रस्ताळेपणा वा अबोलपणा वाढला, की अनेक घरांत आधी नवस, मग मार, मानसोपचारतज्ज्ञाचा विचार शेवटी होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले होते. वास्तविक राहाता तालुक्यातच लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीत अतिचंचलता, अध्ययन अक्षमताही येतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. सोय आहे, ती घरापर्यंत पोचत नाही. पालकसभेत गुणांइतकीच वर्तनाची चर्चा झाली, तर ‘वेडा’ या शिक्क्याची भीती ओसरेल आणि उपचारातील मोलाची वर्षे वाया जाणार नाहीत.