बॅटरी बदलावी केव्हा?



मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. बियाणे आणून ठेवले असेल, खताच्या गोणी रचल्या असतील, पाभरीचे फण धार लावून तयार असतील. ह्या गडबडीत एका वस्तूकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे ट्रॅक्टरची, पिकअपची किंवा घरच्या मोटारीची बॅटरी. सेल्फ मारला आणि इंजिन सुरू झाले की आपण तिला विसरतो. नाही झाले की तिला शिव्या घालतो. आज तिच्याविषयीच बोलू, आणि सुरुवात माझ्याच घरच्या फजितीपासून करतो.

माझी थोरली मुलगी मीरा-भाईंदरला सिल्व्हर पार्क भागात राहते. एके काळी ह्या बाजूला भातखाचरे आणि मिठागरे. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारतींची दाटी. जावईबापू रोज लोकलने कामाला जातात. मोटार आठवडाभर खाली उभी. रविवारी बाजारासाठी दोन-तीन किलोमीटर फिरते आणि पुन्हा जागेवर येऊन बसते.

गेल्या वर्षी आषाढात मुलीचे दिवस भरत आले होते. हे दुसरे बाळंतपण, म्हणून तिच्याच घरी करायचे ठरले आणि आम्ही उभयता तिकडे गेलो. रविवारी मोटारीतून बाजाराला निघालो, तेव्हा सेल्फचा आवाज माझ्या कानाला खटकला. दमेकरी जिना चढावा तसा तो ओढत ओढत फिरला, मग कुठे इंजिन लागले. मी विचारले, "बॅटरी किती वर्षांची झाली?"

"गाडीबरोबर आलेलीच आहे, बाबा. चार वर्षे होऊन गेली. पण होते की सुरू," ते म्हणाले.

मी गप्प बसलो. सगळ्या तालुक्याला सल्ले देत फिरणारा मी. पण मुलीच्या घरी पाहुणा म्हणून जाऊन जावयाच्या मोटारीला नावे कशी ठेवायची, असे मनात आले.

पाचव्या रात्री दोनच्या सुमारास मुलीला कळा सुरू झाल्या. बाहेर धो धो पाऊस. जावईबापूंनी किल्ली फिरवली तर नुसते टक्, टक्, टक्. मोटार आपोआप गिअर बदलणारी. धक्का मारून सुरू होण्याची सोय नाही. शेवटी इमारतीच्या राखणदाराने भिजत जाऊन नाक्यावरून रिक्षा आणली. त्यात वीस मिनिटे गेली. नात सुखरूप जन्मली, आई-बाळ ठणठणीत आहेत. पण ती वीस मिनिटे मी विसरू शकत नाही. रविवारी भीड सोडून चार शब्द बोललो असतो, तर ती वेळच आली नसती.

आता दुसरी तऱ्हा ऐका. आमच्या तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी वर्षभरात ट्रॅक्टरला दोन नव्या बॅटऱ्या घातल्या. तिसऱ्यांदा ट्रॅक्टर अडला तेव्हा मला म्हणाले, "साहेब, हल्ली मालच खोटा येतो." मी अंगठ्याने फॅनबेल्ट दाबून पाहिला. पट्टा ढिला, घसरत होता. बॅटरीची काळी वायर चॅसीला जिथे जोडतात ते टोक गंजून हिरवे पडलेले. पट्टा ताणला, टोक घासून घट्ट केले, बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. तीच बॅटरी अजून कामात आहे. पहिल्या दोन्ही चांगल्या बॅटऱ्या मात्र भंगारात गेल्या.

एकाने उशीर केला, दुसऱ्याने घाई केली. दोघांनीही एक प्रश्न विचारला नाही: बॅटरी रिकामी आहे की कामातून गेली आहे? घागर रिकामी असणे वेगळे आणि घागर फुटकी असणे वेगळे.

आत काय चालते?

आपल्या बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे म्हणजे सहा सेल असतात. प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल. बॅटरीतून वीज खर्च होते तेव्हा पट्ट्यांवर शिशाच्या गंधकी क्षाराचा थर बसतो. चार्ज केली की तो विरघळून परत जातो. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट रिकामी पडून राहिली, तर ह्या थराचे कडक खडे होतात. चोपण जमिनीवर पापुद्रा धरला की पाणी आत मुरत नाही, तसे मग चार्जिंगही आत मुरत नाही. मे महिन्यात गोठ्यापुढे उभा राहिलेला ट्रॅक्टर आणि सिल्व्हर पार्कची ती मोटार, दोघांचे दुखणे एकच. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत सेल्फने खाल्लेली वीजसुद्धा पुरती भरून निघत नाही.

बॅटरीचा दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, त्यात बॉनेटखालची धग वेगळी. पाणी उडते, पट्ट्या झिजतात. गंमत अशी की उन्हाळा बॅटरीला मारतो आणि हिवाळा तिचे मरण उघडे करतो. निफाडकडे थंडीच्या पहाटे इंजिनातले तेल घट्ट होते, बॅटरीची ताकद उतरते, आणि मे महिन्यात झालेली इजा पौषात कळते.

आधी तपासा, मग ठरवा

नुसत्या डोळ्यांनी पाहून सुरुवात करा. डबा फुगला आहे, तडा गेला आहे, आम्ल पाझरते आहे, कुजक्या अंड्यासारखा वास येतो आहे, किंवा चार्जिंगच्या वेळी एकच सेल तापून उकळतो आहे, तर पुढे तपासत बसू नका. ती बॅटरी बदला. हे काहीच नसेल, तर पुढील क्रमाने जा.

पहिली पायरी, टोके आणि पट्टा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल, तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. टोके कोरडी करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हे वरचेवर करावे लागते. फॅनबेल्ट ढिला असेल तर ताणून घ्या. बॅटरीची तार काढताना काळी आधी आणि बसवताना काळी शेवटी, हा नियम मोडू नका. हातातील अंगठी, कडे काढून ठेवा.

दुसरी पायरी, पाणी. झाकणे उघडता येत असतील तर पट्ट्या पाण्याखाली एक ते दीड सेंटिमीटर बुडालेल्या हव्यात. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. विहिरीच्या, नळाच्या पाण्यातील क्षार बॅटरीला बाधतात. ॲसिड तर वरून कधीच घालू नका. तपासताना बिडी-काडी दूर. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन ठिणगीने भडकतो.

तिसरी पायरी, मीटर. इंजिन रात्रभर बंद ठेवून सकाळी मापा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून थोडी गती वाढवा आणि पुन्हा मापा. पुष्कळशा वाहनांत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान येतो. साडेतेराच्या खालीच राहिला, तर चार्जिंगची बाजू लंगडी आहे. नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही. पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो नवी बॅटरीसुद्धा उकळून मारील.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. बॅटरी सावकाश पुरती चार्ज करून घ्या. ऐंशी अँपिअर-तासाच्या बॅटरीला चार ते आठ अँपिअर पुरे. घाईचे चार्जिंग नको. मग तार काढून एक रात्र तशीच ठेवा. सकाळी १२.४ च्या खाली घसरली, तर घागर फुटकी. टिकली, तर सेल्फ मारताना मीटर पाहा. भरलेली बॅटरीही त्या वेळी साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर तिचा भरवसा धरू नका. झाकणे उघडणारी असतील तर हायड्रोमीटरने सहाही सेल मोजा. आपल्याकडे भरलेल्या सेलचा आकडा साधारण १.२४० ते १.२८० येतो. सर्व सेल सारखेच कमी असतील, तर बॅटरी भुकेली आहे. पाच चांगले आणि एक ५० अंशांनी किंवा त्याहून मागे असेल, तर तो सेल गेला. साखळीची एक कडी तुटली की बाकीच्या पाच कड्यांचा उपयोग नाही.

जावईबापूंच्या बॅटरीचे असेच निघाले. दुसऱ्या दिवशी चार्ज करून घेतली, रात्रभर ठेवली. पाच सेल १.२४० च्या आसपास आणि एक १.१२०. ती बदलण्याशिवाय इलाज नव्हता.

ज्या बंद बॅटऱ्यांना हिरवा डोळा असतो, त्यांच्याविषयी एक सूचना. तो डोळा सहापैकी एकाच सेलची खबर देतो. हिरवा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

वय आणि पैशाचा हिशेब

आपल्या हवामानात बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते. म्हणून तिसरे वर्ष संपले की वर्षातून दोनदा तपासावी: एकदा मृगापूर्वी आणि एकदा दिवाळीपूर्वी. बैलाचे दात आणि चाल पाहून आपण पोळ्याच्या आधीच त्याचा विचार करतो, औत ओढताना तो बसण्याची वाट पाहत नाही.

हिशेब सोपा आहे. समजा, बॅटरी सहा हजारांची आहे आणि चार वर्षे चालते. म्हणजे महिन्याला सव्वाशे रुपये. म्हातारी झालेली, तपासणीत डळमळीत ठरलेली बॅटरी सहा महिने आधी बदलली, तर साडेसातशे रुपयांचे नुकसान. उलट, भाजीचा भरलेला पिकअप पहाटे अडला, वाफसा आला असताना पेरणी दोन दिवस खोळंबली, किंवा रात्री दवाखान्याची वेळ आली, तर त्याची किंमत काय? पण दोन वर्षांची बॅटरी न तपासताच बदलली, तर तीन हजार रुपये पाण्यात जातात. म्हणून वय पाहून तपासा आणि तपासणी पाहून बदला.

ज्या घरात आजारी माणूस, म्हातारे आई-वडील किंवा गरोदर लेक-सून आहे, तिथे मात्र शंकेचा फायदा बॅटरीला देऊ नका, माणसाला द्या.

आणखी एक. ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ती सवय म्हणजे दुखणे लपवणे होय. तसेच लग्नात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्रभर दिवे आणि कर्णा चालवू नका. सेल्फची बॅटरी पातळ पट्ट्यांची, क्षणभर जोर लावणारी असते. पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर मोडते. इन्व्हर्टरची बॅटरी वेगळ्या बांधणीची असते. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल, तर बॅटरी पुरती चार्ज करून काळी तार सोडून ठेवा.

नवी घेताना, जुनी देताना

नवी बॅटरी घेताना वाहनाच्या पुस्तकात दिलेलाच आकार आणि अँपिअर-तास घ्या. डब्यावरील तयार झाल्याची तारीख दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिन्यांहून जास्त फळीवर पडून राहिलेली घेऊ नका. हमीपत्रावर तारीख आणि शिक्का घ्या, आणि किती महिने फुकट बदलून मिळते व पुढे किती सूट मिळते, ते तिथेच समजून घ्या.

जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या आणि तिची किंमत वजा करून घ्या. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची तजवीज २००१ सालच्या नियमांत होती. २०२२ साली बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले, त्यांत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती घरी फोडून शिसे वितळवू नका. शिशाच्या धुराने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. एकदा एका बैठकीत प्रश्न आला होता की, चोपण जमिनीला गंधक चालते, मग बॅटरीचे ॲसिड ओतले तर? मुळीच नको. त्यात शिसे असते. ते मातीत राहते आणि भाजीतून पोटात येऊ शकते. चोपणाला जिप्सम घाला, शेणखत घाला, हिरवळीचे खत गाडा.

तेव्हा बंधु-भगिनींनो, हा अंक वाचून झाला की उठा आणि आपल्या ट्रॅक्टरचा, गाडीचा सेल्फ एकदा कान देऊन ऐका. घरातील बायाबापड्यांनीही ऐकावा; आवाज बदलला तर बोलावे. पाहुण्याच्या गाडीचा आवाज ओढत असला, तर त्यालाही सांगावे. भिडेखातर गप्प बसू नये. मी बसलो होतो, म्हणून सांगतो.

बरे आहे. पुढच्या अंकी भेटू.