रेडिओ-टीव्हीने बाईला ऐकायला बसवले. बोलायला कधी बसवणार?

२० जुलै १९४२. नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेच्या मांडवात स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. समोर वीस-पंचवीस हजार स्त्रिया. या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, एकापेक्षा जास्त बायका करण्याच्या चालीला विरोध केला, कामगार स्त्रियांसाठी रजा आणि सवलती मागितल्या आणि कायदेमंडळांत स्त्रियांसाठी राखीव जागा असाव्यात असाही ठराव केला. त्या वेळी नागपूरचे आकाशवाणी केंद्र जन्माला यायचे होते. ते आले १९४८ साली. दूरदर्शन देशात आले १९५९ साली. मग ज्यांच्यापैकी बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती, अशा हजारो बायाबापड्यांना परिषदेचा निरोप कोणी दिला? जलशांनी दिला. वस्तीवर मोठ्याने 'जनता' पत्र वाचून दाखवणाऱ्या पोराने दिला. समता सैनिक दलाने दिला. एका बाईने दुसरीला दिला.

हा इतिहास आठवण्याचे कारण असे की, रेडिओ आणि टीव्हीमुळे स्त्रिया राजकारणात आल्या, असे विधान हल्ली परिसंवादांतून सर्रास ऐकायला मिळते. हे विधान अर्धेच खरे आहे. अर्धे का खरे आणि अर्धे का खोटे, याचा विचार फुले-आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने तरी केला पाहिजे.

आधी जे खरे आहे ते मान्य करू. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तमिळनाडू, बिहार, हरियाणा, गोवा आणि दिल्ली येथील गावांत केबल टीव्ही पोहोचल्यानंतर काय बदलले, हे त्यांनी पाहिले. नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी झाले. मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द वाढला. म्हणजे पडद्यावर शहरातली, नोकरी करणारी, स्वतःचे मत मांडणारी बाई दिसली, तर त्याचा परिणाम होतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडेही मुंबई दूरदर्शनवर स्मिता पाटील बातम्या वाचत, पुणे आकाशवाणीवरून सुधा नरवणे यांचा आवाज महाराष्ट्रभर ऐकू जाई. बाई जगाची बातमी देऊ शकते, हे घराघरात कळले.

पण घरातला बदल म्हणजे राजकारणातला प्रवेश नव्हे. घराचा उंबरठा आणि ग्रामपंचायतीचा उंबरठा यांत मोठे अंतर आहे. ते अंतर टीव्हीने कापले काय? वऱ्हाडचा अनुभव काय सांगतो?

अमरावतीतून उषाताई चौधरी १९८० आणि १९८४ साली लोकसभेवर निवडून गेल्या. तेव्हा आपल्या खेड्यांत टीव्ही जवळजवळ नव्हता. १९९१ मध्ये प्रतिभाताई पाटील याच मतदारसंघातून खासदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. पण ही एकेका बाईची, तीही मोठ्या पक्षाच्या पाठबळाची गोष्ट झाली. खेड्यातली मजूर बाई खुर्चीवर बसली ती ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने. या दुरुस्त्या १९९३ साली लागू झाल्या, स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. अकोला जिल्ह्यात भारिप-बहुजन महासंघाने लहानसहान जातींना एकत्र बांधण्याचे जे राजकारण केले, त्याला 'अकोला पॅटर्न' म्हणतात. त्याच वाटेवर जानेवारी २०२० मध्ये अकोला जिल्हा परिषदेत वंचित बहुजन आघाडीच्या प्रतिभा भोजने अध्यक्ष आणि सावित्री राठोड उपाध्यक्ष झाल्या. दोन्ही पदांवर स्त्रिया! हे कोणत्या मालिकेमुळे झाले नाही. संविधानाने दार उघडले आणि चळवळीने हात धरून आत नेले, म्हणून झाले.

मग रेडिओ-टीव्हीने बाईशी कोणते नाते जोडले? आकाशवाणीचे बोधवाक्य आहे 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. हे तथागतांचे वचन. याच आकाशवाणीवरून ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाकडून घेतली, हे देशाला ऐकवले. एवढा थोर वारसा! पण बाईसाठी म्हणून जे कार्यक्रम झाले, त्यात 'वनिता मंडळ'च्या धर्तीवर पाककृती, बाळाचे आरोग्य, शिवण-टिपण यांनाच मोठी जागा मिळाली. त्यातले आरोग्याचे ज्ञान मोलाचे होते, याबद्दल वाद नाही. पण पाटोदीत कापूस वेचणाऱ्या, सोयाबीनच्या निंदणाला जाणाऱ्या बाईची मजुरी किती, ग्रामपंचायतीचा निधी कुठे जातो, हे त्यात किती आले?

खासगी वाहिन्यांनी तर कमालच केली. २००४ पासून २०२२ पर्यंत झी मराठीवर 'होम मिनिस्टर' चालले. घरातल्या बाईला गृहमंत्री म्हणायचे, खेळ खेळायला लावायचे आणि शेवटी पैठणी नेसवायची. बायकांनी हा कार्यक्रम आवडीने पाहिला, कारण कोणीतरी आपल्या दारात येऊन आपले नाव, आपली हकिकत विचारतो, याचे त्यांना अप्रूप होते. ती भूक खरी होती. पण अठरा वर्षांच्या या खेळातून विधानसभेच्या निवडणुकीला उभे कोण राहिले? कार्यक्रमाचे सूत्रसंचालक आदेश बांदेकर, २००९ साली, माहीममधून! ते निवडून आले नाहीत, हा भाग वेगळा. त्यांच्यावर व्यक्तिगत टीका करण्याचे कारण नाही. प्रश्न माध्यमाचा आहे. ज्या हजारो बायकांच्या घरी कॅमेरा गेला, त्यांना पैठणी मिळाली. ज्याच्या हातात माईक होता, त्याला उमेदवारी मिळाली. माईक ज्याच्या हातात, राजकारण त्याचे.

आणि फुले दाम्पत्यावरची 'सावित्रीजोती' ही मालिका सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली, ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रेक्षकसंख्या पुरेशी नाही म्हणून बंद पडली. जिच्यामुळे या देशातली बाई शिकली, तिच्यासाठी वर्षभराच्या पलीकडे वेळ नाही. सासू-सुनेच्या भांडणाला मात्र वर्षानुवर्षे वेळ आहे. हा बाजाराचा न्याय आहे.

माईकचे महत्त्व किती, हे आणखी एका अभ्यासाने दाखवले आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आदी संशोधकांनी गावकऱ्यांना पुढाऱ्याचे एकच भाषण ऐकवले; काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना स्त्रीच्या आवाजात. जिथे सरपंचपद स्त्रीसाठी कधीच राखीव नव्हते, त्या गावांतल्या पुरुषांनी तेच भाषण बाईच्या तोंडून ऐकले की त्याला कमी गुण दिले. जिथे आरक्षणामुळे बाई सरपंच होऊन गेली होती, तिथे हा भेदभाव जवळजवळ दिसला नाही. शिवाय दोनदा आरक्षण झालेल्या गावांत पुढे खुल्या जागेवरही बायका अधिक संख्येने निवडून आल्या. म्हणजे बाईचा अधिकारवाणीचा आवाज कानावर पडत राहिला, की समाजाचा कान बदलतो. रेडिओ आणि टीव्ही हे काम दररोज, लाखो कानांवर करू शकतात. पण त्यासाठी बोलणारी बाई गावची, हक्काची आणि कारभारी असली पाहिजे.

आपल्याकडे काय होते? गावात बातमीदार येतो. सरपंच बाई घरात असते. कॅमेऱ्यापुढे बोलायला उभा राहतो सरपंच पती! बातमीदारही मुकाट्याने त्याचीच मुलाखत घेतो. बाई बोललीच, तर ती वऱ्हाडी बोलते, आणि वऱ्हाडी बोली टीव्हीवर आली की ती विनोदासाठी. 'कावून', 'काहून' म्हणणारी बाई हसवण्यासाठी चालते. अंदाजपत्रकावर बोलण्यासाठी चालत नाही. प्रमाण भाषेची ही अट जातीच्या आणि वर्गाच्या अटीपेक्षा वेगळी नाही.

विषयांचेही तसेच. दर्यापूर, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर हा पूर्णेचा खारपाणपट्टा. इथल्या बाईचा पहिला राजकीय प्रश्न पाण्याचा आहे. खारे पाणी पिऊन माणसांचे मूत्रपिंडाचे आजार वाढतात, आणि गोडे पाणी दुरून आणण्याचे काम बाईचे. मुंबईच्या स्टुडिओत रात्री रंगणाऱ्या चर्चेत हा विषय किती वेळा ऐकला? याहून मोठी गोष्ट सांगतो. मार्च २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला महानगरपालिकांची मुदत संपली. मतदान झाले थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळपास चार वर्षे दोन्ही शहरांवर प्रशासकाचे राज्य होते. अमरावतीत ८७ आणि अकोल्यात ८० नगरसेवक. त्यांतल्या निम्म्या, म्हणजे ऐंशीहून अधिक जागा स्त्रियांच्या. त्या चार वर्षे रिकाम्या राहिल्या! वाहिन्यांनी कोण कोणत्या पक्षात फुटला, हे दिवसरात्र दाखवले. पण इतक्या स्त्रियांचा संविधानिक हक्क गोठला आहे, यावर किती चर्चा ठेवल्या? सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली, तेव्हा जल्लोष दाखवला. पण तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधला आहे, आणि तिच्यात ओबीसी स्त्रियांना वेगळा वाटा नाही, हे साध्या भाषेत माजघरापर्यंत कोणी पोहोचवले?

खैरलांजी आपण विसरलेलो नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे आणि तिच्या लेकरांची हत्या झाली. आपल्या जमिनीसाठी उभी राहिलेली ती बाई होती. मोठ्या वाहिन्यांना जाग यायला महिना लोटला. तोवर वस्त्यावस्त्यांतून, विहारांतून बातमी फिरली आणि नोव्हेंबरात नागपूर-अमरावतीच्या रस्त्यांवर आपल्या आया-बहिणी उतरल्या. वाहिन्या त्यांच्या मागून आल्या. आधी बाई रस्त्यावर आली, मग कॅमेरा आला.

तेव्हा करायचे काय? नुसते माध्यमांना मनुवादी म्हणून भागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निर्वाळा दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे जसे चवदार तळ्याचे पाणी, तशाच या लहरी. त्यांवर आपलाही हक्क आहे, आणि तो बजावावा लागेल. तेलंगणातल्या पस्तापूर परिसरातील दलित स्त्रियांनी तो बजावला. त्यांचे 'संगम रेडिओ' हे सामुदायिक केंद्र २००८ पासून चालते. शेतमजूर घरातल्या, फारशा न शिकलेल्या बायका तिथे माईकवर बोलतात, यंत्रेही चालवतात. आपल्या साताऱ्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. नियमाने अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या किंवा पक्षीय प्रचार करता येत नाही. पण ग्रामसभेची तारीख सांगायला कोणाची बंदी आहे? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती किती गावांत कागदावरच होते, यावर बायकांना बोलते करायला कोणाची बंदी आहे? वऱ्हाडातल्या आपल्या शिक्षणसंस्थांनी आणि महिला संघटनांनी सामुदायिक केंद्रासाठी अर्ज केले पाहिजेत.

दुसरी मागणी सरकारी माध्यमांकडे. अकोला आकाशवाणीने आठवड्यातून एक तास जिल्ह्यातल्या सरपंच, पंचायत समिती सदस्य, नगरसेविका यांना द्यावा. बोलायचे त्यांनीच, आपल्या बोलीत, पतीने नव्हे. १९७७ पासून निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ मिळतो. त्यातला निम्मा वेळ स्त्रियांनी बोलला पाहिजे, अशी अट निवडणूक आयोगाने घालावी.

तिसरी गोष्ट आपल्या घरची आहे, म्हणून जास्त कडू आहे. नागपुरातून आवाज इंडिया, लॉर्ड बुद्धा अशा आपल्या वाहिन्या उभ्या राहिल्या, याचा अभिमान आहे. पण तिथे आणि आपल्या जयंतीच्या मंचावर आपल्या स्त्रिया काय करतात? बहुतेक वेळा वंदना म्हणतात, गीत गातात, स्वागताचे हार देतात. राजकीय भाषण मात्र पुरुषाचे. ज्या चळवळीने १९४२ साली अमरावतीच्या बाईला अध्यक्षस्थानी बसवले, तिने आज बाईला सूत्रसंचालनापुरते ठेवावे, हे शोभते काय? समाजाची प्रगती त्याच्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांनी त्याच परिषदेत सांगितले होते. ते माप आधी आपल्या मंचाला लावू या.

येत्या १४ एप्रिलला प्रत्येक वस्तीने एवढे तरी करावे. गावातली जी बाई पंचायतीत निवडून आली आहे, मग ती कोणत्याही जातीची असो, तिला मंचावर बोलवावे. हार-तुरे बाजूला ठेवावेत, माईक तिच्या हाती द्यावा आणि वर्षभरात काय काम केले, काय अडले, ते बोलू द्यावे. पोरांनी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून गावभर ऐकवावे. सुलोचनाबाईंच्या काळात रेडिओ नव्हता, पण बाईचा आवाज होता. आज घरोघर रेडिओ आहे, टीव्ही आहे, खिशात मोबाइल आहे. त्यांत तिचा आवाज भरण्याचे काम आपले आहे.